सोनकीचा लंबू आणि देवराईची पानं

सोनकीच्या गावची विहीर आटली होती. ही बिनआईबापाची चिमुरडी आत्याकडे राहायची, तिच्यासोबत रोज टेकडीपलीकडून पाणी आणायची आणि त्यातलं इवलंसं गाडगंभर देवराईच्या रोपट्यांना घालायची. देवराई म्हणजे देवाचं रान. तिथलं वाळकं काटूकही गावात कुणी उचलत नसे.

एका सकाळी त्या रोपट्यांत एक छोटुकली परी बसलेली दिसली. पंख मोरपिशी, झगा पोपटी, केसांत दवाचे चमचमते मणी. "बाळ, दोन इच्छा माग," ती म्हणाली. तुम्ही-आम्ही लगेच भुललो असतो. सोनकी कसली भुलते! गुळाचा खडा देऊन दिवसभर भांडी घासून घेणारी शेजारीण तिनं पाहिली होती.

"बदल्यात काय घेशील?" तिनं विचारलं.

"काही नाही. नियम तेवढा एक. जे मागशील, त्याचं पोट तू भरायचं. दिवस मावळताना ते उपाशी असलं, तर त्याचा दगड होईल."

नियम ऐकून सोनकीचा संशय दुणावला. पाण्याची इच्छा तिनं राखून ठेवली आणि परीची लबाडी पकडायला अशक्य तेच मागितलं, शाळेतल्या चित्रातला लांब मानेचा डायनासोर.

लख्ख उजेड पडला आणि तो समोर उभा! डोकं झाडांच्या शेंड्यांवर, डोळे मात्र गाईसारखे मऊ. भूक लागलीय, असं तो लाजत म्हणाला. सोनकीला त्याचा असा लळा लागला की विचारू नका. त्याचं नाव तिनं लंबू ठेवलं.

माळाचं गवत त्यानं बघता बघता संपवलं. आत्याची कडब्याची गंजी म्हणजे त्याला एक घास. लोकांनी थोडा कडबा दिला आणि उरलेला घाईघाईनं लपवला, कारण त्यांची गुरं काय खाणार? ऊन उतरलं, टेकडी बोडकी झाली, तरी लंबूचं पोट गुरगुरतच होतं.

परी हळूच कानाशी आली. देवराई हिरवीगार आहे, कुणी बघतही नाही, म्हणाली. सोनकीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. हिचा डाव तरी काय?

तेवढ्यात लंबूनंच फांदीपर्यंत नेलेली मान मागे घेतली. "तिथं पाखरांची पिल्लं आहेत. माझ्या काळची रानं सरत नसत, सोनके. इथं मी जगलो तर बाकी कुणी जगायचं नाही."

दिवस मावळायला लागला, तशी त्याची बोटं करडी, दगडी होऊ लागली. आपल्या संशयापायी हा बिचारा मरणार, या विचारानं सोनकीला रडू कोसळलं. तिला पाणी वाहून सुजलेले आत्याचे पाय आठवले. तरीही ती म्हणाली, "याला त्याच्या रानात पोचव."

"आणि पाणी?"

"आणीन मी टेकडीपलीकडून."

परी गोड हसली. सोनेरी उजेड सांडला, त्यात लंबू गेला, आणि पोपटी झगा झिरमिळत परीही विरून गेली.

लंबूच्या पावलाचा खोल ठसा तेवढा मागे राहिला. त्यात बुडबुड आवाज येत होता. निळंशार पाणी वर येत होतं. सोनकीनं ते आधी हुंगलं, मग जिभेला लावलं. गोड होतं.

"बदल्यात काय?" तिनं उजेडाला विचारलं. कुणी काही मागितलं नाही. तिनं बराच वेळ वाट पाहिली, मग गाडगं भरून रोपट्यांना घातलं आणि आत्याला हाक मारली.