नाकतोड्याचं पान चाळणीखाली

बाबांनी पालकाची जुडी सोडली. जुडीतून कोण निघालं? एक नाकतोडा! इवलासा, हिरवागार आणि भुकेला.

एक पान ओट्यावर पडलं. नाकतोड्याने ते पकडलं. आता खाणार, तोच... धप्प! बाबांनी पास्त्याची चाळणी ठेवली. नेमकी पानावर! बाबांना घाई होती. मुक्ताला भूक लागली होती, आणि भूक लागली की मुक्ता ताटली बडवते. ठण ठण ठण!

नाकतोडा म्हणाला, "पास्ता, पास्ता, ऊठ ना! पान सुटेना, मी खाऊ काय?"

पास्ता म्हणाला, "कढई बोलावेल, तर मी उठेन. तोवर मी लोळणार."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. फुईईई! नाकतोडा दचकला. टुणुक!

गेला कढईकडे. "कढई, कढई, बोलाव ना! पास्ता उठेना, पान सुटेना, मी खाऊ काय?"

कढईत लसूण तडतडत होता. चुर्रर्र! कढई म्हणाली, "आधी चवळी येईल, तर मी बोलावेन."

फुईईई! नाकतोडा दचकला. टुणुक!

चवळी होती कुकरच्या पोटात. "चवळी, चवळी, ये ना! कढई बोलावेना, पास्ता उठेना, पान सुटेना, मी खाऊ काय?"

आतून चवळी म्हणाली, "कुकर उघडेल, तर मी येईन. बुडबुड!"

"कुकरदादा, उघड ना! चवळी येईना, कढई बोलावेना, पास्ता उठेना, पान सुटेना, मी खाऊ काय?"

कुकर म्हणाला, "बाबा गॅस बंद करतील, तर मी उघडेन." आणि फुईईई! नाकतोडा दचकला. टुणुक! थेट बाबांच्या खांद्यावर.

"बाबा, बाबा, गॅस बंद करा ना! कुकर उघडेना, चवळी येईना, कढई बोलावेना, पास्ता उठेना, पान सुटेना, मी खाऊ काय?"

बाबा म्हणाले, "तीन शिट्ट्या झाल्या असतील, तर बंद करेन. पण झाल्या किती? मी विसरलो! मुक्ते, तू मोजल्यास?"

"हो! एक, दोन, पाच, अकरा!"

"अकरा? अरे देवा, चवळीचा लगदा झाला!"

नाकतोडा म्हणाला, "छे! शिट्टी झाली की मी उडी मारतो. टुणुक! टुणुक! टुणुक!"

"तीन! शाब्बास रे!"

मग काय! बाबांनी गॅस बंद केला. कुकर निवला, फुस्सऽऽ, उघडला. चवळी आली. कढईने बोलावलं. पास्ता उठला. पान सुटलं!

पान झालं होतं पोळीसारखं चपटं. "चपटं तर चपटं!" म्हणत नाकतोड्याने ते खाल्लं. कुरुम कुरुम.

मुक्ताने चवळी खाल्ली, पास्ता खाल्ला. पास्त्यातला पालक मात्र ताटलीच्या कडेला सारला.

नाकतोडा ताटलीच्या काठावर बसला. "हा मी खाऊ?"

"नाही! माझा आहे!" मुक्ताने सगळा पालक तोंडात कोंबला. गट्टम!

बाबा बघतच राहिले. नाकतोडा खिडकीतून गेला, टुणुक टुणुक.

पास्ता संपला, गोष्ट संपली. चला, आता हात धुवा!