केरबाआप्पांची दफ्तरं

नदीवर पूल नव्हता आणि गावात भांडणांना तोटा नव्हता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. कुसगव्हाणच्या सार्वजनिक वाचनालयाचा कारभार केरबाआप्पा बघायचे. एकटा जीव, ना बायको ना पोर. कुणाची वंशावळ चुलीत गेली, कुणाच्या पोथीला वाळवी लागली असं कानावर आलं, की आप्पांना राहवायचं नाही. मग ते त्या घरी जाऊन बसायचे आणि म्हणायचे, "टाकू नका. वाचनालयात ठेवा."

लोक देईनात. जुन्या कागदांत काय काय असतं! दत्तकं, वाटण्या, पळून गेलेल्या सुना. शेजाऱ्याने वाचलं तर अब्रू जायची. शेवटी आप्पांनी देवळात बेलभंडार उचलला आणि शब्द दिला, की ज्याचं दफ्तर त्याच्या घरच्या माणसाचा हात लागल्याशिवाय कपाटातून हलणार नाही. तेव्हा कुठे लाल फडक्यांत बांधलेली दफ्तरं यायला लागली. पाऊस सरला की वाचनालयाच्या अंगणात त्यांना ऊन दाखवायचे. घरोघरची माणसं आपापली गाठ आपणच सोडायची, आणि आप्पा लांब पाठ करून बसायचे. असं म्हणतात, की त्यांनी त्यातलं एक अक्षरही कधी वाचलं नाही.

मग एका श्रावणात नदीचं पाणी वेशीत शिरलं. गाव टेकावरच्या देवळाकडे निघालं. आप्पा दारोदार धावले. "चला रे, आपापलं दफ्तर उचला!"

"आप्पा, आदी म्हसरं सोडू द्या," लोक म्हणाले. "कागदं काय पळून जात्यात व्हय?"

सगुणा नावाची एक म्हातारी तेवढी थांबली. "तुमीच उचला की सगळी. कोण इचारतंय आता?"

"शब्द दिलाय, सगुणाबाई. निदान तुमचं तरी घ्या."

"माजं कुटलं दफ्तर? आमी न लिवणारी मानसं."

आप्पा मागे फिरले. कपाट उघडून दारात बसले, कुणीतरी येईल म्हणून. कुणी आलं नाही. मला त्यांचा राग येतो. शब्द मोडला असता तरी देवाने माफ केलं असतं हो! गावाचा त्याहून जास्त येतो.

पाणी ओसरलं तेव्हा वाचनालयाच्या भिंतीही उरल्या नव्हत्या. आप्पा सापडले नाहीत. असं म्हणतात, की त्यानंतर कितीतरी दिवस नदी शाईसारखी काळी वाहिली. गाव तेच पाणी प्यालं, आणि मागच्या पिढ्यांचं कुणाला काही आठवेना. शेताच्या हद्दी, पणज्यांनी रचलेल्या ओव्या, सगळं धुऊन गेलं. विचारायला आप्पा नव्हते. असते तरी त्यांना कुठे माहीत होतं?

पुढच्या लग्नसराईत भटजींनी मांडवात विचारलं, "मुलगी कुणाची पणती?" बापाने आजोबांकडे बघितलं. आजोबा स्वतःच्या वडिलांचं नाव आठवता आठवता रडायला लागले.

मागून सगुणाबाई म्हणाली, "केरबाची म्हना."

आजही कुसगव्हाणात लग्न कुणाच्याही घरचं असो, पणजोबांच्या जागी केरबाआप्पांचंच नाव घेतात. पाऊस सरला की वाचनालय होतं त्या जागी लोक रिकामी लाल फडकी उन्हात पसरतात आणि आपापल्या फडक्याशेजारी बसून राहतात. खुद्द केरबाआप्पांच्या वडिलांचं नाव मात्र कुणालाच सांगता येत नाही.