गोड्या पाण्याचे पिंप

समुद्रकाठच्या एका गावात जोमा नावाचा नाखवा राहत होता. नाखवा म्हणजे होडीचा मालक. त्याला एकुलती एक लेक, चंपा. होडीचे नावही त्याने 'चंपावती' ठेवले होते. दोघींवर त्याचा फार जीव. पण त्याला एक वेड होते, लोकांनी आपल्या होडीकडे वळून वळून पाहावे.

पावसाळा जवळ आला की त्या गावात होड्या किनाऱ्यावर ओढून घेत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात जायचे नाही. पण होडी झाकण्यापूर्वी एक काम कुणी चुकवत नसे. इंजिन थंड राहावे म्हणून वर्षभर त्याच्या पोटातून समुद्राचे खारे पाणी खेळत असते. ते मीठ आत राहिले तर लोखंड गंजते. म्हणून इंजिनाला आधी पोटभर गोडे पाणी पाजायचे, मग तेल द्यायचे आणि वर झावळ्यांचे झाप घालायचे. पाऊस बाहेर राहतो, वारा मात्र आत फिरतो.

पण गोडे पाणी आणायचे कुठून? गावात विहीर एक, आणि वैशाखात तिचा तळ दिसायचा. जोमाची बायको येसू रोज आपल्या वाटणीतले थोडे थोडे पाणी मागे ठेवी. असे करत तिने एक पिंप भरले होते.

"ह्ये इंजिनाचं पानी हाय. कुनी हात लावायचा नाय," ती बजावून सांगे.

एके दिवशी ती मासळी विकून बाजारातून परतली, तर पिंप रिकामे! त्या पाण्याने जोमाने होडी बाहेरून लखलखीत धुतली होती आणि तिला निळापिवळा रंग चढवला होता.

"अवो, आनि इंजिन?" येसूने विचारले.

"इंजिनाच्या पोटात कोन डोकावून बघतंय?" जोमा हसला. "त्याचीबी सोय केलीय मी."

सोय कसली? इंजिनाला वरून लाल रंग फासला, त्यावर नवे कोरे प्लास्टिक करकचून गुंडाळले आणि झेंडूची माळ घातली! सारा पावसाळा हा गृहस्थ इंजिनाला उदबत्ती ओवाळत होता. शेजारचा हशा नाखवा मात्र इंजिन आखडू नये म्हणून आठवड्यातून एकदा त्याचे चाक हाताने फिरवून येई, आणि कोपरापर्यंत काळा होऊन परते.

"हशा, तुझं इंजिन हाय का भजीवाल्याची कढई?" जोमा त्याला चिडवी.

"कढई तर कढई," हशा म्हणे. "पोट तिच्यावरच भरतंय."

नारळी पौर्णिमा उजाडली. सगळ्यांत देखणी म्हणून मानाचा नारळ 'चंपावती'त ठेवला गेला. चंपा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. येसू नको नको म्हणत असताना जोमाने चंपालाही होडीत बसवले. "तिच्या नावाची होडी, आनि ती नको?" म्हणाला. मग लेकीच्या काळजीने येसूही होडीत चढली. नांगर मात्र त्याने किनाऱ्यावर काढून ठेवला. नव्या रंगाला ओरखडे पडतील ना!

इंजिन धडधडत सुरू झाले. जोमाने ऐटीत येसूकडे पाहिले. काठावर ढोल वाजत होते. होडी खाडीच्या तोंडाशी आली आणि चंपा किंचाळली, "आये, रगत!"

तिच्या पायांखालून लालभडक पाणी वाहत होते. येसूने लेकीला घट्ट धरले. पण ते रक्त नव्हते. तो गंज होता! राहिलेल्या मिठाने इंजिनाला आतून खाऊन भोक पाडले होते, आणि त्यातून पाणी भळभळत होते. वाफेचा लोट उठला. इंजिनाने एक आचका दिला आणि ते बंद पडले. लाटा होडीला खडकांकडे ढकलू लागल्या.

"नांगर टाका!" येसू ओरडली.

जोमा नांगराच्या जागेकडे धावला. नांगर होता कुठे?

तेवढ्यात मागून काळ्या धुराचा भपकारा आला. हशाने आपली होडी लाटांत घातली, दोर फेकला आणि आधी चंपाला, मग येसूला, शेवटी जोमाला ओढून घेतले. त्याचे पाय हशाच्या होडीला लागतात न लागतात तोच मागे कडाडकन आवाज झाला. साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत 'चंपावती' खडकावर फुटली.

येसूने चंपाला किनाऱ्यावर बसवले. सुदैवाने ती आणि तिचे बाळ सुखरूप होते. एका लाटेबरोबर होडीची एक फळी येऊन जोमाच्या पायाशी पडली. निळापिवळा रंग तसाच चमकत होता. त्यावर एक ओरखडाही नव्हता.

येसूने फळीकडे पाहिले.

"रंग तेवढा वाचला," ती म्हणाली.

तात्पर्य: ज्याच्या भरवशावर आपला आणि आपल्या माणसांचा जीव असतो, त्याची न दिसणारी बाजू आधी जपावी, दिसणारी बाजू सजवायला मग हवा तेवढा वेळ असतो.