कासेंबेचं नाव नदीला कसं लागलं

दोष मुसोंडाचा आहे. नदीचा नाही, गोऱ्या साहेबाचाही पुरता नाही. मुसोंडा म्हणजे गावचा मुखिया, पोट सुटलेला, आणि त्याच्याभोवती माना डोलावणारे चार म्हातारे. हे आधीच सांगतो, कारण म्हातारे ही गोष्ट सांगतात तेव्हा नेमकं एवढंच गाळतात.

फार वर्षांपूर्वी, आफ्रिकेत आज जिथे दोन देशांची हद्द आहे तिथे नुसती नदी होती. अलीकडच्या बाया तिच्यात कंद भिजत घालायच्या, पलीकडच्या पोरी लग्न होऊन अलीकडे यायच्या. नदीला नाव होतं, पण ते मोठ्याने घ्यायचं नाही असा रिवाज. घेतलं तर हाक मारल्यासारखं होतं आणि नदी उठून येते, असं म्हणतात.

कासेंबे तिथला होडीवाला. आई अलीकडची, बाप पलीकडचा. दोन्ही काठांवरून दिवसभर त्याच्याच नावाच्या आरोळ्या. त्याला त्या आवडायच्या.

एकदा साहेब आला, साखळ्या घेऊन, जमीन मोजत. दुभाष्याने विचारलं, "या नदीचं नाव काय?"

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. खरं सांगायची भीती, आणि माहीत नाही म्हणायची लाज. कासेंबे तेव्हा पाण्याच्या मधोमध होता, होडीत एक बाळंतीण होती. मुसोंडाने त्याच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "कासेंबे." साहेबाने लिहून घेतलं.

कासेंबे संध्याकाळी विचारायला गेला. "मुसोंडाबाबा, माझंच का?"

"मग काय माझं सांगू? तू ना धड इकडचा, ना धड तिकडचा. कागदावर चढलास, मिरव की लेका!"

चौघे म्हातारे हसले. हसायचं कामच होतं त्यांना.

पुढे नकाशा आला, शिपाई आले, चौकी बसली. कासेंबे ओलांडायची तर परवाना दाखवा, कासेंबेत जाळं टाकायचं तर विचारा. इतक्या तोंडांनी म्हटल्यावर नदीनेही ते नाव घेतलं, असं म्हणतात. मग एके दुपारी आईने दारातून हाक मारली, "कासेंबे, जेवायला ये रे!" आणि पाणी आलं. उंबरा ओलांडून आलं, चूल विझवली, भांड्यात मासे सोडून गेलं.

म्हाताऱ्यांची बैठक बसली. साहेबाला खोटं सांगितलं हे कबूल करायचं? छे! ठरलं असं, की या माणसाला आता कुणी नावाने हाक मारायची नाही. आई तेव्हापासून जेवणासाठी पातेलं वाजवायची. काठावरचे लोक टाळ्या वाजवायचे, गुरं हाकल्यासारख्या.

कासेंबेला बसवेना. होडीत कुणी नसलं तरी तो या काठावरून त्या काठावर जायचा. शेवटी तो आपलं नाव परत मागायला चौकीवर गेला.

"नाव सांग," कारकून म्हणाला.

"कासेंबे."

"नदीचं नाही, गाढवा, तुझं!"

"कासेंबे! माझंच आहे ते, कासेंबे!"

तीनदा म्हटल्यावर नदी चौकीत आली. टेबल गेलं, हद्दीचा खांब गेला, कारकूनही चालला होता. कासेंबेने त्याला केसांना धरून काठावर टाकलं, होडी घेतली आणि मध्यधारेत गेला. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

त्या मुलखात मेलेल्या माणसाला काठावरून नावाने शेवटची हाक मारतात. हाक आली नाही तर त्याला आपल्या माणसांत जायची वाट सापडत नाही. आई काठावर आली, तिने तोंड उघडलं, आणि मुसोंडाने तिच्या तोंडावर हात दाबला. बाकीचे चौघे बघत राहिले.

आजही तिथले होडीवाले मध्यधारेत वल्ही उचलतात, मूठभर लापशी पाण्यात सोडतात आणि गप्प बसतात. उतारूंनीही बोलायचं नाही. होडी थोडा वेळ तशीच वाहत जाते, मग वल्ही पुन्हा पडतात. खांब पुन्हा रोवला गेला. मुसोंडा म्हातारा होऊन आपल्या खाटेवर मेला, आणि त्याला हाक मारायला सगळं गाव जमलं होतं.

कासेंबेला कुणी हाक मारली नाही. त्याचं नाव गेलं.