झुपकी खार आणि गाडीचं दार

एक होती खार. तिचं नाव झुपकी. शेपटी केवढी? अंगाएवढी! आणि घर कुठे? झाडावर नाही. बिळात नाही. एका जुन्या गाडीत!

गाडी कसली? पुढे बसायला सीट, मागे सामानाला हौदा. पिकअप म्हणतात तिला. रस्त्याकडेच्या जांभळाखाली ती कधीची उभी होती. चाकं बसलेली. रंग उडालेला. एक दिवा फुटलेला. कोणी विचारत नव्हतं बिचारीला. पण झुपकीला ती फार आवडायची.

गाडीची काच दोन बोटं उघडी होती. झुपकी त्यातून आत जायची. आत होता कप्पा. कप्प्यात होता कापूस. कापसात होतं झुपकीचं पिल्लू. चिटुक त्याचं नाव. एवढंसं. तुझ्या मुठीत मावेल एवढंसं.

एके सकाळी झुपकी म्हणाली, "चिटुक, शहाण्या, झोप हं. मी शेंगा खाऊन आले."

गेली तुरुतुरु तुरुतुरु. शेंगा खाल्ल्या. परत आली. बघते तर काय? जांभूळ आहे. गाडी नाही!

गाडी नाही म्हणजे कप्पा नाही. कप्पा नाही म्हणजे चिटुक नाही! झुपकीनं जांभळाभोवती गरगर फेऱ्या मारल्या.

झालं होतं असं. ती गाडी भामामावशीनं विकत घेतली होती. भामामावशी कडबा विकायची. कडबा म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं. म्हशी ती कुरूमकुरूम खातात. रोज डोक्यावरून भारे नेऊन मावशीची मान दुखायची. म्हणून तिनं गाडी घेतली. जुनी तर जुनी!

चार माणसं आली. हैय्या हो! हैय्या हो! गाडी ढकलत ढकलत गॅरेजात नेली. एक जण म्हणाला, "मावशे, गाडीवर नाव कुणाचं घालायचं? लोक पोरांची नावं घालत्यात."

मावशी हसली. पण थोडंसंच हसली. "मला कुठली आलीत पोरं? ऱ्हाऊ दे कोरी."

मग तिनं पदरानं सीट पुसली. धूळ नको जायला म्हणून काच वर केली. गच्च! गंजलेलं दार जोरानं ओढून लावलं. धाडकन! आणि ती शेतात निघून गेली. आत चिटुक आहे, हे तिला कुठे माहीत?

झुपकी चाकांच्या खुणांवरून पळाली. तुरुतुरु तुरुतुरु, शेपटी झुपझुप. गॅरेजात पोचली. गाडी दिसली! आतून आवाज आला, "चिक चिक चिक!"

"आले रे बाळा!" झुपकी म्हणाली. पण काच बंद. दारही बंद.

"दारा दारा, उघड ना!
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

दार म्हणालं, "कर्र कर्र! कसं उघडू? गंजून अडकलंय माझं अंग. बुधलीतलं तेल पडेल, तर मी उघडेन."

झुपकी गेली तेलाच्या बुधलीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपटी झुपझुप.

"बुधले बुधले, गळ ना!
दार उघडेना,
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

बुधली म्हणाली, "टुप टुप! आपली आपण कशी गळू? मिस्त्री मला उचलेल, तर मी गळेन."

मागून आवाज आला, "चिक चिक चिक!"

झुपकी गेली हुसेनमिस्त्रीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपटी झुपझुप. मिस्त्री टायरवर डोकं टेकून आडवा झाला होता.

"मिस्त्री मिस्त्री, ऊठ ना!
बुधली गळेना,
दार उघडेना,
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

मिस्त्री म्हणाला, "आऽऽह! सकाळपासून काम केलं, बेटा. हात उचलत नाही. चहा मिळेल, तर मी उठेन."

मागून आवाज आला, "चिक चिक!"

झुपकी गेली पारूआक्काच्या टपरीवर. तुरुतुरु तुरुतुरु, शेपटी झुपझुप.

"आक्का आक्का, चहा कर ना!
मिस्त्री उठेना,
बुधली गळेना,
दार उघडेना,
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

आक्का म्हणाली, "चहा कशाचा करू, बाई? दूध संपलं. कोरा चहा दिला, तर मिस्त्री नाक मुरडतो. म्हैस दूध देईल, तर मी चहा करेन."

मागून आवाज आला, "चिक!"

झुपकी गेली म्हशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपटी झुपझुप. म्हैस होती काळी काळी, नि डोळे मिटून बसलेली.

"म्हशी म्हशी, दूध दे ना!
आक्का चहा करेना,
मिस्त्री उठेना,
बुधली गळेना,
दार उघडेना,
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

म्हैस म्हणाली, "हंऽऽम्! पोटात नाही काडी, दूध देऊ कुठून? कडबा येईल, तर मी दूध देईन."

झुपकीनं कान टवकारले. आता चिक नाही की चुक नाही. गॅरेज फार लांब राहिलं होतं.

झुपकी गेली शेतात, कडब्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु, शेपटी झुपझुप. कडब्याची गंजी होती उंच उंच. तिच्या सावलीत भामामावशी बसली होती. मान धरून, डोळे मिटून. झुपकीनं काही मावशीला पाहिलं नाही.

"कडब्या कडब्या, चल ना!
म्हैस दूध देईना,
आक्का चहा करेना,
मिस्त्री उठेना,
बुधली गळेना,
दार उघडेना,
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

कडबा म्हणाला, "सळसळ सळसळ! मला कुठे पाय आहेत? मला न्यायला मावशीची गाडी येईल, तर मी येईन."

गाडी? गाडीचंच तर दार उघडेना!

झुपकी मटकन खाली बसली. आता कुणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं. तिला खूप रडू आलं. थोडं रडली. मग तिनं शेपटीनं डोळे पुसले.

"रडून दार उघडतं होय?" झुपकी म्हणाली. "कडब्याला पाय नाहीत, पण मला आहेत. चांगले चार आहेत!"

तिनं कडब्याचं एक ताट दातात धरलं. ताट केवढं? झुपकीपेक्षा दहापट लांब! ओढलं. सर्रऽऽ! थांबली. ओढलं. सर्रऽऽ! थांबली. पुन्हा ओढलं. सर्रऽऽ!

मावशीनं डोळे उघडले. बघते तर ताट एकटंच चाललंय!

"अगं बया! माझा कडबा चालाय लागला!"

मावशी उठली. वाकून बघितलं. ताटाच्या टोकाला एवढीशी खार. धापा टाकतेय. पण ताट सोडत नाही.

"कुठं निघालीस गं माझ्या बाई? एवढं मोठं ओझं घेऊन?"

झुपकी म्हणाली,

"कडबा येईना,
म्हैस दूध देईना,
आक्का चहा करेना,
मिस्त्री उठेना,
बुधली गळेना,
दार उघडेना,
आत माझं पिल्लू, मला राहवेना!"

मावशीनं तोंडावर हात ठेवला. "दार? मिस्त्रीकडं तर माझीच गाडी हाय! अन् काच? ती तर मीच लावली की गं! मीच लावली!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळीच ती म्हणाली होती, आता डोक्यावर भारा घ्यायचा नाही म्हणजे नाही. पण आता मान कोण बघतंय? फडक्याची चुंबळ केली. डोक्यावर ठेवली. तिच्यावर घेतला कडब्याचा भारा. भाऱ्यावर बसवली झुपकी. आणि मावशी निघाली भराभरा भराभरा.

कडबा आला. कुरूम कुरूम!
म्हशीनं दूध दिलं. चुळ्ळ चुळ्ळ!
आक्कानं चहा केला. रटरट रटरट!
मिस्त्री चहा प्याला. फुर्र फुर्र! आणि टुण्णकन उठला.
बुधली गळली. टुप टुप टुप!
दारानं अंग हलवलं. कर्र… कर्रऽ… कर्रऽऽऽ…

उघडलं!

झुपकी आत गेली. कप्प्याला कान लावला.

चिक नाही. चुक नाही.

मिस्त्री वाकला. आक्का वाकली. मावशीनं हळूच, अगदी हळूच कप्पा उघडला.

कापसात चिटुक होता. शेपटी गुंडाळून गाढ झोपला होता!

झुपकीनं त्याला चाटलं. नाकावर चाटलं. कानावर चाटलं. पोटावर चाटलं. चिटुकनं एक डोळा उघडला.

"आई, शेंगा खाल्ल्यास?"

"खाल्ल्या रे माझ्या राजा," झुपकी म्हणाली. आणि त्याला पोटाशी घेतलं. घट्ट. घट्ट. अजून घट्ट.

मावशी म्हणाली, "चुकलं गं माझं, झुपके. सीट पुसली, पण कप्पा नाही बघितला."

मग हुसेनमिस्त्री कामाला लागला. पोचे काढले, ठोक ठोक. चाकात हवा भरली, फुस्स फुस्स. फुटका दिवा काढला, नवा बसवला. चावी फिरवली. घुर्र… फुस्! पुन्हा फिरवली. घुर्र घुर्र… फुस्! मिस्त्री गाडीच्या कानात म्हणाला, "चल बेटा, चल." तिसऱ्यांदा फिरवली.

घुर्र घुर्र घर्रऽऽऽऽ!

गाडी चालू! मावशीनं टाळ्याच वाजवल्या.

पण नारळ फोडल्याशिवाय गाडी हलवतात का? नाही! मावशीनं चाकांखाली लिंबं ठेवली. गाडीला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडला. फट्! सगळ्यांनी हात पुढे केले.

"थांबा," मावशी म्हणाली. "पहिला मान झुपकीचा."

खोबऱ्याचा पहिला तुकडा झुपकीला. पांढरा पांढरा, गोड गोड. कुटुर कुटुर, कुटुर कुटुर! मग मिस्त्रीला, मग आक्काला. थोडा म्हशीलासुद्धा.

इतक्यात पेंटर आला. लाल रंग घेऊन, ब्रश घेऊन. "मावशी, कपाळ कोरंच ठेवायचं का गाडीचं?"

मावशीनं आत बघितलं. कप्प्यातून एक नाक बाहेर आलं होतं. एवढंसं.

"छे! कोरं कशाला?" मावशी म्हणाली. "घरात लेकरू हाय की. लिही, चिटुक."

पेंटरनं लिहिलं. मोठं मोठं. लाल लाल. चिटुक!

आता ती गाडी रोज कडबा नेते. मावशीची मान दुखत नाही. म्हशीचं पोट भरतं. आक्काचा चहा होतो. मिस्त्री नाक मुरडत नाही.

आणि गाडीची काच? ऊन असो, धूळ असो, मावशी ती पुरती लावतच नाही. दोन बोटं उघडी ठेवते. एवढी. दाखव बरं तुझी दोन बोटं? हां, बरोब्बर एवढीच.

गाडी थांबली घरी,
झुपकी कप्प्यात शिरी,
चिटुक निजला आईपाशी,
तूही नीज माझ्यापाशी.