चुरीबाईंच्या तीन गिटारी

"यातली कुठली घेऊ?" चुरीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"कुठलीही," बावतीस मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले.

वसईला मास्तरांच्या घराची बाहेरची खोली म्हणजे त्यांचा गिटारचा वर्ग. खिडकीबाहेर केळी, पलीकडे विहीर. आत एक लांब बाक, आणि त्या दुपारी त्या बाकावर तीन नव्याकोऱ्या क्लासिकल गिटारी ओळीने निजवलेल्या. मी कोपऱ्यात बसून एका जुन्या गिटारीला नायलॉनच्या तारा चढवत होतो. मी मास्तरांचा विद्यार्थी, वय बेचाळीस, म्हणजे वर्गातला सगळ्यात धाकटा. मास्तर फक्त मोठ्या माणसांना शिकवायचे. लहान मुलं आईबापांसाठी शिकतात, मोठी स्वतःसाठी, असं त्यांचं म्हणणं होतं.

हेमांगी चुरीबाई आगाशीकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्तीला पाच महिने उरलेले. आयुष्यात त्यांनी एकही वाद्य हातात धरलं नव्हतं. पण सव्वा वर्षापूर्वी कुणाच्या तरी लग्नात एका माणसाने एकट्याने बसून गिटार वाजवली, ती त्यांनी ऐकली, आणि घरी परतताना रिक्षात आपण रडलो, असं त्यांनी आल्या आल्या आम्हाला सांगून टाकलं. सांगताना पुन्हा डोळे भरले, ते त्यांनी रुमालाने लगेच टिपले. मला त्या तेव्हाच आवडल्या.

त्यानंतर चौदा महिने त्या गिटार निवडत होत्या.

नुसत्या निवडत नव्हत्या, तपासत होत्या. शेवटी तीन गिटारी उरल्या. दुकानदार ओळखीचा, त्याने तिन्ही गिटारी एका दिवसासाठी दिल्या. संध्याकाळी सहाला त्याचा माणूस इथेच येणार होता, नको असलेल्या दोन परत न्यायला. म्हणजे आज सहाच्या आत निकाल लागायलाच हवा होता.

निकालाची तयारी मात्र चोख होती. बाईंनी पर्समधून वही काढली. वहीत आखलेला तक्ता. पुढच्या फळीचं लाकूड, आवाज, घडण, दिसणं, एकूण. पहिल्या गिटारीला सत्त्याऐंशी, दुसरीला साडेशहाऐंशी, तिसरीला चौऱ्याऐंशी.

"पहिली आणि दुसरीत अर्ध्या गुणाचा फरक आहे," बाई म्हणाल्या. "तिथेच माझं अडलंय."

मास्तरांनी वही हातात घेतली, चष्मा वर करून नीट वाचली, आणि आदराने परत दिली. मग ते उठले. एकेक गिटार उचलून, सुतार फळीचा वाक बघतो तसा एक डोळा मिटून त्यांनी तिची मान पाहिली. पडद्यांच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडांवरून अंगठा फिरवला. खुंट्या पिळून पाहिल्या. पाठीवर टिचकी मारली. पाच मिनिटांत तिन्ही पुन्हा बाकावर.

"तिन्ही धडधाकट आहेत. तुमच्या हाताला मोठी अशी एकही नाही. कुठलीही घ्या."

बाईंचा चेहरा पडला. चौदा महिन्यांच्या अभ्यासावर माणूस पाच मिनिटांत बोळा फिरवतो म्हणजे काय! पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. मास्तरांनी तिन्हींवर एकेक तुकडा वाजवून दाखवावा, आपण डोळे मिटून ऐकू, म्हणजे तो अर्धा गुण कुठे जायचा ते कळेल, असं त्यांनी सुचवलं.

"मी नाही वाजवणार."

"का?"

"मी वाजवल्या तर तिन्ही चांगल्या वाजतील."

"आणि... दुसऱ्या कुणी?"

"दुकानात कुणी वाजवली होती?"

दुकानदाराने, बाई म्हणाल्या. तीनदा. फोनवर सगळं रेकॉर्ड करून घेतलंय आणि घरी रोज ऐकलंय.

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही वाजवली का? एक तार तरी?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे.

मला खरं तर हसू येत होतं, पण मी तारेत तोंड खुपसून बसलो. कारण तीन वर्षांपूर्वी मी इथे आलो तेव्हा मीही गिटारीला हात न लावताच आलो होतो. माझ्याकडे वही नव्हती इतकंच.

शेवटी बाई बोलल्या, आणि हळू बोलल्या.

"मला येत नाही ना, मास्तर. मी हात लावला आणि वाईट वाजली, तर कसं कळणार, की दोष गिटारीचा का माझा?"

"तुमचा," मास्तर म्हणाले. "त्याचसाठी तर आधी तपासून घेतल्या."

आता मात्र मला हसू फुटलं. बाईंनी वर्गात बघतात तसं माझ्याकडे बघितलं, आणि मी बेचाळिसाव्या वर्षी ताठ बसलो.

पण त्यांचा खरा घोर आता उघड्यावर आला होता, आणि एकदा तोंड उघडल्यावर त्यांनी तो लपवला नाही. तेहतीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या चुका काढत आल्या होत्या. जे चांगलं जमत नाही ते चारचौघांत करायचं नाही, हा त्यांचा नेम होता. पोहायला शिकल्या नाहीत त्या याच कारणाने. गाडी चालवायला शिकल्या नाहीत त्याच कारणाने. गिटारीचंही तसंच होईल अशी त्यांना भीती होती, आणि हिच्याविना मात्र राहवणार नव्हतं.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"हात बघू," ते म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात पुढे केले, पंजे उताणे. मास्तरांनी ते पालथे करायला सांगितले. नखं स्वच्छ कापलेली, दहाच्या दहा.

हा मास्तरांचा ठरलेला रिवाज होता. नवा माणूस आला की आधी नखं. डाव्या हाताच्या बोटांनी तार दाबायची, म्हणून तिथली नखं कापायची. उजव्या हाताने तार छेडायची, म्हणून तिथली वाढवायची. नखांवर तडजोड नाही. कितीतरी माणसं गिटार आवडूनही नखांपाशी परत गेलेली मी पाहिली आहेत.

"डावा हात झकास," मास्तर म्हणाले. "उजव्याची आजपासून कापायची नाहीत. अंगठा आणि पुढची तीन बोटं."

बाईंनी झटकन हात मागे घेतले.

आणि मग आम्हाला त्यांच्या शाळेतला सोमवार कळला. प्रार्थना झाली की मुलं हात पुढे करून रांगेत उभी राहतात, आणि मुख्याध्यापिकाबाई स्वतः रांगेतून फिरत एकेकाची नखं बघतात. वाढलेली दिसली की त्याला घरी पाठवून कापून यायला लावतात. तेहतीस वर्षांत एक सोमवार चुकला नव्हता.

"आणि मीच एका हाताची नखं वाढवून त्यांच्यापुढे जाऊ?"

"लपवा," मास्तर म्हणाले. "मुलं लपवतात तशी."

"शक्य नाही." बाईंचा आवाज चढला. "पाच महिने थांबते मी. निवृत्त झाले की वाढवीन. तोवर गिटार घेऊन ठेवते."

मास्तर उठले आणि त्यांनी हाताशी आलेली एक गिटार तिच्या पेटीत ठेवली. कुलूप लावलं... मग दुसरी. तिचंही झाकण बंद. पेट्या त्यांनी दाराशी नेऊन भिंतीला टेकवल्या. रागाने नाही, अगदी शांतपणे, आलेल्या पाहुण्याचं सामान बाहेर ठेवावं तसं.

"हे काय करताय?"

"तो माणूस येईल सहाला. तिन्ही देऊन टाकू. निवृत्तीनंतर या. तोवर गिटारी संपत नाहीत."

ते उरलेल्या गिटारीकडे वळले, आणि चुरीबाई उठल्या.

उठल्या म्हणजे जवळजवळ धावल्याच. बाकाला गुडघा आपटला, वही खाली पडली. मास्तरांचा हात पोचायच्या आत त्यांनी ती गिटार उचलून छातीशी धरली, उलटी, तारा आतल्या बाजूला. मास्तर मागे सरले. मी हातातली तार सोडली आणि तिची गुंडाळी सुटून माझ्या नाकावर आली.

"ही राहू दे," बाई म्हणाल्या. "वाढवते नखं."

"बसा," मास्तर म्हणाले.

पुढे सगळं भराभर झालं. मी छोटं स्टूल त्यांच्या डाव्या पायाखाली सरकवलं. मास्तरांनी गिटार सुलटी करून त्यांच्या डाव्या मांडीवर टेकवली आणि मान थोडी वर उचलून दिली. सगळ्यात बारीक तार दाखवली. ती मोकळी छेडायची. मग पहिल्या पडद्यामागे बोट दाबून. मग तिसऱ्या. एवढंच.

बाईंनी तार छेडली.

वाईट वाजली. मोकळी तार कशीबशी बोलली, पण बोट दाबल्यावर नुसती खरखर. पुन्हा खरखर. तिसऱ्या वेळी ठप्प असा आवाज आला, मेजावर पुस्तक आपटावं तसा. बाईंचे कान लाल झाले. त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून मोनिका मावशी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चहा घेऊन येत होत्या. मला वाटलं, आता गिटार खाली ठेवणार.

त्यांनी ठेवली नाही.

"बोट पुढे सरकवा," मास्तर म्हणाले. "पडद्याच्या अगदी पाठीशी. दाबा. अजून..."

आणि सूर आला.

एकच, छोटा, पण गोल. खोलीत क्षणभर राहिला आणि गेला. बाईंनी श्वास रोखला होता, तो आता सोडला. त्यांनी तो सूर पुन्हा काढला. मग पुन्हा. मग पुढच्या पडद्यावर गेल्या, तिथे खरखर झाली, मागे आल्या, आणि सूर जागेवर होता. त्या हसायलाच लागल्या. सत्तावन्न वर्षांची बाई, तीन स्वरांवर हसतेय, आणि मावशी ट्रे हातात धरून दारातच उभ्या.

"ऐकलंत?" बाईंनी मावशींना विचारलं. ओळखदेख काही नाही. "तो मीच काढला."

मावशींनी मान डोलावली. कप बाकावर ठेवला, आणि जावं की थांबावं असं करत शेवटी माझ्याशेजारी टेकल्या.

चहा गार झाला. तीन स्वर उलटसुलट करता करता बाईंना एकदा अचानक त्यांच्या शाळेच्या प्रार्थनेची सुरुवात सापडली, चारच स्वर, तिसऱ्यावर घसरलेले. त्यांनी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत इतका आनंद होता की मला माझी तीन वर्षं एकदम फार लहान वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला. घसरलेला स्वर त्यांनी दुरुस्त करायला घेतला. तो आणखी घसरला. त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. पुन्हा घेतला. बोटाच्या टोकाला तारेचा खोल वळ उमटला होता, तो त्यांनी ओठांनी फुंकला आणि बोट परत जागेवर ठेवलं.

सहाला दुकानाचा माणूस आला. कुठल्या दोन न्यायच्या, असं त्याने दारातून विचारलं. बाईंनी वाजवणं न थांबवता हनुवटीने भिंतीकडे खूण केली. तो पेट्या उचलून गेला. राहिली ती सत्त्याऐंशी गुणांची की चौऱ्याऐंशींची, हे त्यांनी विचारलं नाही, आणि बघायचं माझ्याही लक्षात राहिलं नाही. वही बाकाखाली तशीच पालथी पडली होती.

उन्हं केळींच्या मागे गेली. कुंपणापलीकडून कुणीतरी डोकावून विचारून गेलं, आज मास्तरांकडे काय चाललंय. मावशींनी सांगितलं, मुख्याध्यापिकाबाई शिकतायत. बाईंनी ते ऐकलं. बोट जरा अडखळलं...

मग पुन्हा चालू.

बऱ्याच वेळाने त्या थांबल्या. गिटार मांडीवरच होती, हात तिच्या अंगावर. कपाळ घामेजलेलं.

"मास्तर, खरं सांगा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून हे इतकं वाईट किती दिवस वाजत राहणार?"

मास्तरांनी डोळे मिटून जरा विचार केला.

"इतकं? इतकं वाईट फक्त आज. पुन्हा मागाल तरी मिळायचं नाही. पोटभर वाजवून घ्या."