कुसुंबाचे कडे

एका राज्यात माणसांना वैद्य होते, तसे झाडांनाही वैद्य होते. माणसाचा वैद्य नाडी धरी, झाडाचा वैद्य खोडाला कान लावी. कमरेला दोर, पाठीला करवत, अशी ही मंडळी शेंड्यापर्यंत चढत, सडके काढत, मोडके सावरत आणि राज्याच्या वाटांवरची सावली शाबूत राखत.

पण कोणीही उठावे आणि झाडावर करवत चालवावी, असे त्या राज्यात चालत नसे. नगराबाहेर एक परीक्षावन होते. तिथला परीक्षक होता एक सुतारपक्षी. त्याचे वय कोणाला ठाऊक नव्हते. उमेदवाराने त्याच्यापुढे तीन कसोट्या द्याव्या, आणि तो उतरला तर राजकुसुंबाची ओली डहाळी वळून तिचे कडे त्याच्या मनगटावर चढवावे, अशी रीत होती. ते कडे जिवंत असे. घालणारा शिकत राही तोवर ते हिरवे राही, आणि फाल्गुनात त्याला एखादे तांबडे पानही फुटे. शिकणे थांबले की ते वाळे. म्हणून आपापली पाळी आली की प्रत्येक वैद्य माघ महिन्यात पुन्हा वनात जाई आणि पुन्हा परीक्षेला बसे. लोकही आधी वैद्याच्या मनगटाकडे पाहत, आणि मगच आपले झाड त्याच्या हाती देत.

राजकुसुंब राजवाड्याच्या अंगणात उभा होता. राजघराण्यात कन्या जन्मली की तिचे आयुष्य त्या झाडाला बांधीत. राजा उदयभान याची एकुलती कन्या वेणुमती, तिचेही आयुष्य तसेच बांधलेले होते.

एकदा त्या झाडाचा पार दुरुस्त करताना गवंड्यांना मुळाशी सोन्याने भरलेला हंडा लागला. हंड्यावर एक यक्ष बसला होता.

"न्या खुशाल," यक्ष म्हणाला. "मात्र हे सोने ज्याच्यावर चढेल ते बाहेरून सदा जिवंत दिसेल. आत ते कधी मेले, हे कोणालाही कळणार नाही. जोवर एखादा आपल्या हाताने ते फोडीत नाही, तोवर असेच चालेल."

एवढे बोलून तो नाहीसा झाला. राजाला हा शाप आशीर्वादासारखा वाटला.

त्याच सुमारास जाणते वैद्य कुरकुरत होते. त्यांच्यातला रंभाजी तोंडाळ. तो भर दरबारात म्हणाला, "महाराज, मिश्या पांढऱ्या झाल्या. अजून त्या चोचवाल्यापुढे झाडावर चढून दाखवायचे, तर आम्ही काय पोरं आहोत?"

दरबार हसला. राजा मनाचा मऊ. त्याने जाणत्या वैद्यांची कडी यक्षाच्या सोन्याने मढवायला सांगितली आणि आज्ञा केली, "ही कडी आता जन्मभराची. फेरपरीक्षा बंद." सोनाराने प्रत्येक डहाळीभोवती सोन्याचे पोकळ कवच बसवले आणि मधल्या फटीत वितळलेली लाख ओतली. कडी झळकू लागली. परीक्षावनाच्या फाटकाला कुलूप लागले आणि त्या वाटेवर गवत माजले.

वैद्यांचा मुख्य होता हिरोजी. अबोल, कामाला चोख माणूस. त्याचेही कडे मढले. त्या दिवशी मनातून त्याला हायसे वाटले. गुडघे दुखत होते, आणि मागच्या खेपेला सुतारपक्ष्याने त्याला दोनदा झाडावरून खाली बोलावले होते.

वर्षे गेली. मग एक फाल्गुन असा आला की राजकुसुंब फुटलाच नाही. एरवी त्या महिन्यात त्याची पालवी इतकी तांबडी असे की राजवाड्याच्या भिंतीही लालसर दिसत. या खेपेला नुसत्या काटक्या. आणि त्याच सकाळी वेणुमती गजरा गुंफत असताना तिच्या उजव्या हाताची बोटे ताठरली. दुसऱ्या दिवशी मनगटावर साल आली. मग ती कोपराकडे चढू लागली.

राजाने हिरोजीला बोलावले. "हिरोजी, फाल्गुन संपायच्या आत पालवी आली नाही, तर माझी मुलगी लाकूड होईल. झाड तुमच्या हाती आहे."

सारे वैद्य झाडाखाली जमले. मुदपाकखान्यावर आलेली एक मोठी फांदी हिरोजीनेच पूर्वी कापली होती. खोडालगत, गुळगुळीत, आणि वर लाखेचा थर. दुखणे तिथेच आहे, यावर सर्वांचे एकमत झाले.

"लाख पातळ पडली असेल," रंभाजी म्हणाला. "आणखी एक थर द्या. जाड द्या."

हिरोजीने जाड थर दिला. संध्याकाळपर्यंत साल राजकन्येच्या खांद्याला पोचली.

तिने त्याला जवळ बोलावले. "काका, रागावू नका," ती म्हणाली. "तुम्ही वर लाख लावीत होतात ना, तेव्हा इथे खाली माझा जीव गुदमरत होता."

हिरोजी घरी गेला नाही. तो तडक नगराबाहेर पडला, गवत तुडवीत परीक्षावनाशी आला आणि फाटकावरून चढून आत उतरला. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती त्याने ऐकली नाही.

"या, जन्मभराचे वैद्य," वरून आवाज आला. सुतारपक्षी खोडाला उभा चिकटला होता. "वाट सापडली म्हणायची."

"मी परीक्षेला आलो आहे."

"कडे काढा. झाकल्या मनगटाची परीक्षा मी घेत नाही."

हिरोजीने दुसरा हात कड्यावर ठेवला. "राजाने दिलेला मान आहे. काढता येत नाही."

"काढता येत नाही, की काढवत नाही?"

हिरोजीने कड्यावरून अंगठा फिरवला. "काढवत नाही," तो शेवटी म्हणाला. "आत काय आहे, ते माझे मलाच माहीत नाही."

पक्ष्याने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले. "हे सरळ बोललात. मग ते कडे फोडणे ही तिसरी कसोटी. आधी दोन इथे होऊ द्या."

पहिली कसोटी कानाची. शेजारी शेजारी उभ्या तीन झाडांपैकी पोकळ कोणते, ते सांगायचे होते. तिघांचीही पाने हिरवीगार. हिरोजीने लाकडी हातोडीने एकेका खोडावर ठोकले, कान लावला, पुन्हा ठोकले. "हे," तो म्हणाला. पक्ष्याने त्याच खोडावर चोच वाजवली आणि आतून मडक्यासारखा नाद आला.

"कान शाबूत आहे. आता हात दाखवा. ती फांदी उतरवा."

हिरोजी चढला. हा त्याचा हातखंडा. त्याने फांदी अशी कापली की खोडावर तळवा फिरवला तर कुठे अडू नये. मग लाखेसाठी कमरेच्या डबीकडे हात नेला.

"थांबा," पक्षी म्हणाला. "नापास."

हिरोजीच्या कानशिलांना रक्त चढले. "माझे गुरू नागोजी असेच कापीत. सारे राज्य असेच कापते!"

पक्षी शेजारच्या झाडावर गेला. तिथे लाखेने बंद केलेली एक जुनी जखम होती, वरून आरशासारखी. त्याने चोचीने लाखेचा टवका उडवला. आतून काळे पाणी वाहू लागले आणि कुजका वास सुटला. मग तो आणखी एका झाडावर बसला. तिथली फांदी खोडापासून जरा अंतर ठेवून कापलेली होती आणि लाखेचा थेंबही नव्हता. चारी बाजूंनी नवी साल वळून आली होती. मधली जखम टिकलीएवढी उरली होती.

"फांदी खोडाला मिळते तिथे हा फुगीर घेर पाहा," पक्षी म्हणाला. "हे झाडाचे कडे. झाड आपली जखम इथून भरते. तुम्ही ते कडेच कापून टाकता, आणि वर लाख ओतून ओल आत कोंडता."

"म्हणजे माझे गुरू चुकले?"

"त्यांना तसे मीच शिकवले."

हिरोजीने करवत मांडीवर आडवी ठेवली.

"ती लाखेखालची जखमही माझ्याच शिकवणीची," पक्षी म्हणाला. "तेव्हा मला तेवढेच ठाऊक होते. मग मी जखमा पाहत राहिलो. कोणत्या भरतात, कोणत्या कुजतात. नागोजी शेवटच्या माघात इथे आले तेव्हा त्यांना हे सारे दाखवले. म्हातारपणी त्यांनी नवा हात बसवला. जाताना म्हणाले, माझा हिरोजी येईल तेव्हा त्याला नीट समजावा, तो हट्टी आहे. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. आणि तुमची पाळी यायच्या आत फाटकाला कुलूप लागले."

वाऱ्याने पाने हलली. हिरोजीने उपरण्याने डोळे पुसले.

"आता मी काय करू?" त्याने विचारले.

"उद्या या. या वनात नापास म्हणजे पुन्हा या, एवढेच."

तो रोज गेला. आधी खालून काप द्यायचा, म्हणजे फांदी पडताना साल सोलत नाही. मग जरा पुढून वरचा काप, म्हणजे भार उतरतो. मग उरलेल्या खुंटाचा शेवटचा काप, झाडाचे कडे सांभाळून. डोक्याला ते लगेच समजले. हाताला समजेना. करवत जुन्या सवयीने खोडाकडे सरके, आणि पक्षी म्हणे, "उतरा." इकडे साल राजकन्येच्या गळ्याकडे सरकत होती. हिरोजी उतरे आणि पुन्हा चढे. मग एका सकाळी करवत सरकली नाही.

"दुसऱ्या कसोटीला उतरलात," पक्षी म्हणाला. "तिसरी राजकुसुंबाखाली, सर्वांसमोर. झाकला हात ते झाड आता वर घेणार नाही."

"आतले कडे वाळलेले असले तर?"

"तर वाळलेले असेल."

"चोच वाजवून सांगता येत नाही?"

"खोड असते तर सांगितले असते. त्या सोन्यापुढे माझेही काही चालत नाही."

फाल्गुन सरत आला होता. हिरोजी राजवाड्याच्या अंगणात आला. राजकन्येची पालखी झाडाखाली ठेवली होती. तिचा चेहरा आणि डावा हात, एवढेच माणसाचे उरले होते. राजा उभा होता, वैद्य उभे होते, सारे नगर उभे होते. हिरोजीने मनगट पाराच्या दगडावर टेकले आणि हातोडी मारली.

सोने फुटले. लाखेचे तुकडे उडाले. आतून काळी डहाळी बाहेर आली आणि दगडावर पडताच तिचा भुगा झाला.

"घ्या!" रंभाजी ओरडला. "आमचा मुख्यच वाळका निघाला!" कोणीतरी हसले.

राजाचा चेहरा उतरला. "हिरोजी, ज्याच्या मनगटावर हिरवे कडे नाही त्याने राजकुसुंबाला हात लावायचा नाही. हा नियम माझ्या पणजोबांचा."

"नियम बरोबर आहे, महाराज. तो मोडा असे मीही म्हणणार नाही," हिरोजी म्हणाला, आणि उघड्या मनगटाने तसाच उभा राहिला.

तेव्हा झाडात फडफड झाली. सुतारपक्षी खाली आला. त्याच्या पायांत राजकुसुंबाची उरलेली एकच ओली डहाळी होती.

"हा तिन्ही कसोट्यांना उतरला," तो म्हणाला. "महाराज, कडे चढवा. मात्र हे नव्या उमेदवाराचे कडे आहे. मुख्यपद गेले. हा आता रांगेत शेवटचा."

"चालेल," हिरोजी म्हणाला.

राजाने स्वतःच्या हाताने डहाळी वळली. हिरोजीने दोर टाकला आणि झाडाने आपली सर्वांत खालची फांदी त्याच्यासाठी वाकवली. त्याने वर जाऊन लाखेचे सारे थर काढले. काळे पाणी खोडावरून ओघळले. जखमेशेजारची फांदीही आतून गेली होती. तिला त्याने खालून काप दिला, वरून दिला, आणि तिसरा, कडे सांभाळून.

"लाख पाठवा वर!" रंभाजी खालून ओरडला.

"नको."

"उघडी ठेवणार जखम?"

"उघडी."

राजा खोडाशी आला. "हिरोजी, माझी मुलगी आहे."

"म्हणूनच, महाराज."

त्या दिवशी काही झाले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हिरोजी पारावर बसून होता. लोक येत, उघड्या जखमेकडे पाहत, माना हलवत आणि जात. फाल्गुनाच्या शेवटच्या दिवशी ऊन कलत असताना पालखीतून बारीक आवाज आला.

"काका, माझ्या बोटांना खाज सुटली आहे."

हिरोजीने वर पाहिले. जखमेच्या कडेने नवी ओली साल फुटली होती आणि तिच्यावरच्या डहाळीला तांबडा ठिपका दिसत होता. मग दुसरा दिसला. मग मोजणे राहिलेच, कारण सारे झाड पेटल्यासारखे लाल झाले. वेणुमतीच्या अंगावरची साल शेंगांच्या टरफलांसारखी गळून पडली आणि ती उठून बसली.

एकाने आपल्या हाताने सोने फोडले होते, म्हणून यक्षाचा शापही आता सरला, आणि त्याच क्षणी प्रत्येक मनगटावरचे सोने आपोआप सैल झाले. वैद्यांनी आत पाहिले. कोणाचे कडे पार वाळले होते, कोणाचे अर्धे. रंभाजीने डोळे मिटून घेतले होते. पक्ष्याने त्याच्या मनगटावर हलकेच चोच टेकवली.

"एक धागा हिरवा आहे," तो म्हणाला. "अलीकडे काही शिकलात का?"

"सुनेला दोराच्या गाठी शिकवत होतो," रंभाजी पुटपुटला. "तिनेच मला एक नवी दाखवली."

"तेवढ्यावर तगले आहे. माघात या."

सोने हंड्यात परतले आणि हंडा मुळाशी पुरला गेला. यक्ष पुन्हा त्याच्यावर येऊन बसला. राजाने आपल्या हाताने फाटकाचे कुलूप काढले, आणि त्या राज्यात कोणाचेही कडे जन्मभराचे उरले नाही.

पुढच्या माघात हिरोजी वनात गेला. रांगेत सर्वांत शेवटी, तरण्या उमेदवारांच्या मागे उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा पक्ष्याने त्याला एक झाड दाखवले. त्याच्या पानांवर कधी न पाहिलेले करडे डाग होते.

"याला काय झाले आहे?"

हिरोजीने खोडाला कान लावला. पाने उलटून पाहिली. मुळाशी माती उकरली.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"मलाही नाही," पक्षी म्हणाला. "बसा. दोघे मिळून पाहू."

हिरोजी झाडाखाली बसला. फाल्गुन अजून यायचा होता, तरी त्याच्या मनगटावर काहीतरी हलले. त्याने पाहिले, तर कड्याला एक तांबडे पान फुटत होते.

त्याच्या कड्याला फुटले, तसे ऐकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या हातालाही फुटो.